हिप आर्थ्रोस्कोपीनंतर (खुब्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन) परत फुटबॉल, कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार, फोंड्याहून लिहितेय, धाकट्या भावासाठी. वय 22, विंगला खेळतो. दोन वर्षं जांघेत दुखायचं, सगळे स्नायू ताणलाय म्हणून बर्फ आणि गोळ्याच देत राहिले, शेवटी एमआरआयमध्ये निघालं की खुब्याच्या गोळ्याजवळ जादा हाड वाढलंय आणि त्याने घासून लॅब्रम, म्हणजे खुब्याच्या वाटीभोवतीची कूर्चेची कड, फाटलंय. फेब्रुवारीच्या शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, हाड तासलं, लॅब्रम शिवलं.

आता चौदा आठवडे झाले. तीन आठवडे कुबड्या, मग लोड न लावता सायकल, पाण्यात चालणं, बाराव्या आठवड्यापासून फिजिओने सरळ जॉगिंग दिलंय आणि ते जमतंय पण. पण गुडघा छातीकडे घेतला की जांघेत पुढून चिमटा बसतो. उजव्या पायात मोजा अजून आई घालून देते, तो तोंड फिरवून बसतो तेव्हा, मला बघवत नाही. परवा कुणाला न सांगता मिरामारच्या वाळूत धावून आला आणि दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना चढला.

कोच म्हणतात जुलैत प्रॅक्टिसला ये. पावसात आमचं मैदान म्हणजे नुसता चिखल, पाय सटकला तर? त्यात तो टेनिसवाल्या अँडी मरेचं वाचून घाबरलाय, जानेवारी 2018 ला आर्थ्रोस्कोपी आणि 2019 च्या जानेवारीत परत मोठं ऑपरेशन. हा चिमटा या टप्प्यावर नॉर्मल आहे का? तुम्ही मॅच कधी खेळलात?

उत्तर, म्हापसा: ताई, मी गोलकीपर, माझंही लॅब्रम शिवलंय. वाळू आधी बंद करा, पाय रुततो आणि तो उचलायला जांघेच्या पुढच्या स्नायूवर सगळा भार येतो. माझा चिमटा तिथलाच होता, रोज थोडा वेळ पालथं झोपून आणि महिनाभर धावणं कमी करून गेला. तरी सर्जनना दाखवाच. आणि महिने मोजू नका, माझ्या फिजिओने एका पायावर स्क्वॉट आणि एका पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के आल्याशिवाय वळायचं ड्रिलसुद्धा दिलं नाही. मॅच साडेसात महिन्यांनी खेळलो. मरेचा खुबा आधीच खूप झिजला होता, त्याची केस वेगळी.

ताई: खूप आभार भाऊ. सोमवारी सर्जनकडे नेते, कोचना आजच फोन करते. पालथं झोपायचं तर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, किती वेळ झोपायचात?