मालवणात छोटं कलादालन: दर महिन्याला नवा चित्रकार, पण खारा वारा आणि चिऱ्याच्या भिंती. काय काळजी घ्यावी?

वेळेवरची_भरती

मालवणात समुद्रापासून साधारण दोनशे मीटरवर जुन्या कौलारू घराची पुढची खोली कलादालनासाठी मोकळी केली आहे. 22 बाय 14 फूट, माळ्याच्या फळ्यांपर्यंत उंची 10 फूट. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), वर सिमेंटचा गिलावा. एक दार, चार-चार फुटांच्या दोन खिडक्या, त्यातली एक पश्चिमेला. ऑक्टोबरपासून एका वेळी एकाच चित्रकाराचं प्रदर्शन लावायचं आणि ते बदलत राहायचं असा बेत आहे. बहुतेक जलरंग येतील, थोडी तैलरंग-अ‍ॅक्रिलिक, आणि एकदा तरी पिंगुळीची चित्रकथी (कथा सांगताना दाखवायची कागदावरची पारंपरिक चित्रं) लावायची आहे.

प्रश्न असे: चिऱ्यात गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायची खुंटी) धरत नाही, मग वारंवार चित्रं बदलायची तर टांगायची कशावर? डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घेतला की दमटपणाचा प्रश्न सुटतो का? एक प्रदर्शन किती दिवस ठेवावं? चित्रकाराशी लेखी काय ठरवावं? एकदम मोठा खर्च झेपणारा नाही.

फ्रेमवाला_कुडाळ

भिंतीपासून सुरुवात करा, बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

चिऱ्यात ड्रिल मारलं की भोक वेडंवाकडं मोठं होतं, गिट्टी सैल बसते. एकदा भागेल, दर महिन्याला नाही. भिंतीवर 2 बाय 1 इंचाच्या लाकडी पट्ट्या उभ्या ठोका, दोन-दोन फुटांवर, वाळवीचं औषध मारून. त्या पट्ट्यांसाठी लांब स्क्रू आणि केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणारा चिकट मसाला) वापरा. हा खर्च एकदाच. त्यावर 12 मिमीचा मरीन प्लाय (ओल सोसणारा), त्याचं मानक आयएस 710 छापलेला. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड) स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, पहिल्याच पावसात कडा फुगतात. प्लायच्या मागच्या बाजूला आणि कापलेल्या कडांना प्रायमर विसरू नका, पाणी कडेनंच शिरतं. खाली चार इंच आणि वर दोन इंच जागा उघडी ठेवा म्हणजे प्लाय आणि भिंत यांच्यामधून हवा खेळेल. ही फट बंद केलीत तर चिऱ्याची ओल प्लायच्या पाठीला बुरशी धरायला लावेल.

पश्चिमेच्या खिडकीवरूनही प्लाय घ्या. संध्याकाळचं ऊन आणि समुद्राचा वारा दोन्ही थांबतात, शिवाय चार फूट भिंत जास्त मिळते. मग दार आणि दुसरी खिडकी वजा जाता 64 फूट भिंत उरते. दोन-सव्वादोन फूट रुंदीची चित्रं असतील तर अठरा ते वीसपेक्षा जास्त लावू नका. चित्रकार तीस आणतो आणि सगळी लावा म्हणतो. तिथे नाही म्हणायचं.

अंतर डोळ्यांनी नाही, गणितानं काढा. 670 सेंमीची भिंत, 70 सेंमी रुंदीची सहा चित्रं: 420 गेले, 250 उरले, त्याला सातने भागा, म्हणजे दोन चित्रांमध्ये आणि दोन्ही टोकांना साधारण 35-36 सेंमी. उंचीसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून 147 सेंमीवर. फ्रेम 60 सेंमी उंच असेल आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 8 सेंमी खाली येत असेल, तर हुक 147 + 30 − 8, म्हणजे 169 सेंमीवर. तार हातानं ताणून मोजायची. सैल तार मोजली की प्रत्येक चित्र वेगळ्या उंचीवर लटकतं आणि मग पाणसळ घेऊन अर्धा दिवस जातो.

एका हुकावर टांगू नका. दोन हुक, फ्रेममागे दोन डी-रिंग (तार बांधायच्या कड्या), म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं फ्रेम कलत नाही. हुक-स्क्रू पितळी किंवा 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे. दुकानदार 304 देतो, त्यालाही समुद्राकाठी तपकिरी डाग येतात. साध्या लोखंडी खिळ्याचा गंज ओघळून पांढऱ्या प्लायवर रेघ उमटते आणि ती रंगाखालूनही वर येते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना सिलिकॉनची बटणं चिकटवा, मागे हवा राहील. फेल्टची नको, ती ओल धरून ठेवतात. मागच्या फटीत पाली बसतात, त्यामुळे चित्र उतरवताना पाठ आधी कोरड्या ब्रशनं झाडायची.

खारावारा

डीह्युमिडिफायरबद्दल. 22 × 14 × 10 म्हणजे साधारण 87 घनमीटर हवा. 28 अंशांना, 88 टक्के आर्द्रतेत, एका घनमीटरमध्ये सुमारे 24 ग्रॅम बाष्प असतं. 55 टक्क्यांवर 15. म्हणजे अख्ख्या खोलीच्या हवेतून काढायचं पाणी एक लिटरसुद्धा नाही. तरीही दिवसाला वीस लिटर काढणारं यंत्र कमी का पडतं? कारण पाणी हवेत नाही, येण्याच्या वाटांत आहे. माळ्याच्या फळ्यांतल्या फटी, दाराखालची फट, चिऱ्याची भिंत आणि दार उघडून आत येणारा माणूस. कौलांखाली उघडी खोली ठेवून यंत्र लावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

म्हणून पैसे आधी फटींवर घाला. माळ्याखाली कॅल्शियम सिलिकेट बोर्डची छत, सांधे भरलेले. दाराला रबरी पट्टी आणि खाली ब्रश. दाराच्या आत पाच फुटांवर जाड पडदा किंवा छोटी आडभिंत, म्हणजे प्रत्येक वेळी दार उघडलं की बाहेरची हवा सरळ चित्रावर जाणार नाही. मग वीस लिटरचं एक यंत्र पुरतं.

आर्द्रता मोजायला दोन स्वस्त डिजिटल मीटर घ्या, पण आधी ते तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखा लगदा करा. मीटरसोबत ते बंद डब्यात रात्रभर ठेवा. आकडा 75 यायला हवा. 69 किंवा 81 दाखवत असेल तर तेवढा फरक मीटरच्या पाठीवर लिहून ठेवा.

हाच 75 आकडा दुसरीकडेही कामाचा आहे. वाऱ्यासोबत आलेलं मीठ फ्रेमवर, काचेवर बारीक बसतं. हवा 75 टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ पाणी ओढून ओलं होतं, खाली उतरलं की पुन्हा सुकतं. रोजच्या या ओल्या-सुक्यात पितळ हिरवं पडतं आणि गिल्टच्या फ्रेमचे पोपडे निघतात. मीठ आठवड्यातून दोनदा पुसा. कापडावर पाणी घ्या, काचेवर फवारू नका. फवारा खालच्या कडेला साचून माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत) शिरतो. उघड्या कॅनव्हासला ओलं कापड अजिबात लावायचं नाही, मऊ कोरडा ब्रश.

बुरशी साधारण 65-70 टक्क्यांच्या वर वाढायला लागते. जलरंग आणि चित्रकथी, दोन्ही कागदावरची, म्हणून खरा धोका तिथेच. कागद काचेला चिकटता कामा नये, मध्ये आम्लरहित माउंट हवा. मग काच, माउंट, चित्र आणि मागचा बोर्ड अशी थप्पी कडेनं अ‍ॅल्युमिनियमच्या टेपनं सील करून फ्रेममध्ये बसवायची. बाहेरची ओल आत जाईपर्यंत अनेक दिवस लागतात. आता नेहमी काय चुकतं ते: हे सीलिंग लोक पावसात, दमट खोलीत करतात. कागदात, माउंटमध्ये शिरलेली ओल मग आतच कोंडते आणि काचेच्या आत बुरशीचे ठिपके येतात. आधी सगळं साहित्य सुटं करून दोन दिवस 50-55 टक्क्यांच्या खोलीत ठेवा, मगच टेप.

वेळेवरची_भरती

छान माहिती. एक शंका: एसी दिवसा लावला आणि रात्री बंद केला तर चालेल का? विजेचं बिल बघून विचारतो आहे. आणि पेस्टलची चित्रं आली तर?

खारावारा

दिवसा एसी, रात्री बंद, हे सगळ्यात वाईट. दिवसभर थंड झालेली काच आणि भिंत, त्यावर संध्याकाळी दार उघडून आलेली दमट हवा, म्हणजे दव. एसी 26-27 वर ठेवा किंवा लावूच नका. डीह्युमिडिफायर मात्र चोवीस तास, सेटिंग 55. कमी नको, लाकडी पट्टीवर ताणलेला कॅनव्हास एकदम सुकवला तर सैल-घट्ट होतो.

पेस्टल आणि कोळशाच्या चित्रांना अ‍ॅक्रिलिक शीट लावू नका. पुसताना त्यावर स्थिर वीज साठते आणि भुकटी कागदावरून शीटकडे ओढली जाते. तिथे काचच.

दिवे: एलईडी, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर, 3000 केल्विन (उबदार पांढरा उजेड), भिंतीशी साधारण 30 अंशांत. जलरंगाला 50 लक्स (उजेडाचं माप) पुरे, तैलरंगाला 150 ते 200.

तळकोकणी

वरच्या दोघांचं तंत्र बरोबर आहे, पण खोली चालेल की नाही हे तारखा ठरवतील.

जहांगीर आर्ट गॅलरीत मंगळवार ते सोमवार असा आठवडा असतो. ते मुंबईत ठीक, तिथे रोज नवा माणूस येतो. तुमच्याकडे आठवड्याचं प्रदर्शन म्हणजे गावात कळेपर्यंत संपलेलं. तसंच सहा आठवडे ठेवलंत तर गावातला माणूस दुसऱ्यांदा येणार नाही. तीन आठवडे आणि मध्ये तीन दिवस बंद, असा 24 दिवसांचा फेरा धरा. ऑक्टोबर ते मे या 243 दिवसांत असे दहा फेरे बसतात. आठच ठरवा. चित्रकार आयत्या वेळी गळतो, एसटीत फ्रेम फुटते, वीज जाते.

कोणाला कधी द्यायचं याला अर्थ आहे. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ या दोन जागा विकल्या जाणाऱ्या छोट्या कामांना द्या. पर्यटक तारकर्लीहून गाडीत बसून येतो, त्याला हातात नेता येईल असं हवं: ए-4, ए-5, ट्यूबमध्ये गुंडाळता येणारं. मोठे कॅनव्हास जानेवारीत लावा, तेव्हा बघायला वेळ असलेली माणसं येतात. आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा विसरू नका. तिची तारीख दरवर्षी देवीला कौल लावून ठरते, कॅलेंडरमध्ये सापडत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चचा एक फेरा आठवडाभर पुढे-मागे सरकवता येईल असाच ठेवा, आणि तिथे मालवणचा नाहीतर कुडाळचा चित्रकार ठेवा, म्हणजे तारीख हलली तरी त्याचं काही अडत नाही. त्याच दिवसांत चित्रकथीही शोभेल. पिंगुळी कुडाळला लागूनच आहे, परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरचे लोकही विचारत येतात. चित्रं नुसती टांगू नका, एक संध्याकाळ कथा सादर करायला ठेवा.

पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक कमी. जून-जुलैत कागद लावूच नका. सिरॅमिक, टेराकोटा, दगड मांडा, किंवा खोली बंद ठेवून प्लाय रंगवून घ्या. पण भाद्रपदात उघडा. गणपतीला चाकरमानी घरी येतो, भजन-आरतीच्या मधल्या दुपारी माणसं फिरतात, आणि गावच्या घराचं चित्र विकत घेणारा माणूस हाच असतो. चित्रकार शोधायला सावर्डे आणि देवरुखची कला महाविद्यालयं आहेतच.

फेरबदलाच्या तीन दिवसांत पहिला दिवस उतरवणं, मागून-पुढून फोटो आणि बांधणी. दुसऱ्या दिवशी भोकं अ‍ॅक्रिलिक पुटीनं भरून, सँडपेपर मारून ठिपके रंगवायचे. पांढऱ्या रंगाचा एकच डबा बाजूला राखून ठेवा, नवा डबा आणला की ठिपके दिसतात. तिसऱ्या दिवशी चित्रं आधी भिंतीखाली जमिनीवर मांडून बघायची, मग टांगायची. चित्रकाराला या मांडणीला बोलवा, पण हातोडी तुमच्या हातात ठेवा.

फ्रेमवाला_कुडाळ

बांधणीबद्दल एवढंच: बबल रॅप थेट रंगावर नको. उन्हात तापलेल्या डिकीत अ‍ॅक्रिलिक मऊ होतं आणि गोल गोल ठसे उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग बबल, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. काचेवर मास्किंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. फ्रेम नेहमी उभी न्यायची, आडवी कधीच नाही. कॅनव्हास गुंडाळायचाच झाला तर रंगाची बाजू बाहेर.

मसुदा

लेखी करार दोन पानांत बसतो. प्रत्येक चित्राची यादी: नाव, माध्यम, माप, विक्रीची किंमत, नुकसान झालं तर द्यायची किंमत, आणि फोटो. या यादीवर आल्या दिवशी दोघांच्या सह्या. बहुतेक भांडणं «हा ओरखडा आधीपासून होता» यावरून होतात, ती इथेच संपतात.

कमिशन तीस ते पस्तीस टक्के ठीक. पण ते छापील किमतीवर की सवलत दिल्यावरच्या किमतीवर, आणि दहा टक्क्यांपर्यंतची घासाघीस तुम्ही परस्पर करू शकता की नाही, हे लिहा. पैसे विक्रीनंतर पंधरा दिवसांत. न विकलेली चित्रं प्रदर्शन संपल्यापासून सात दिवसांत न्यायची, त्यानंतर साठवणीचं भाडं. येतानाची वाहतूक चित्रकाराची, जातानाची तुमची, अशी वाटणी सहसा मान्य होते.

चित्रांची पोस्टकार्डं, कॅलेंडरं विकायची असतील तर वेगळी लेखी परवानगी हवी. चित्र विकत घेतलं म्हणून प्रतिमेचे हक्क येत नाहीत. परवानगीत मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्यानं ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. तुम्हाला एका सीझनपुरती हवी असेल तर तसंच लिहा.

जीएसटीचं बिल नोंदणी असणाऱ्यानंच द्यायचं. हातानं काढलेल्या चित्रावर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे, आधी 12 होता. तुमचं कमिशन ही सेवा, तिचा दर वेगळा. चित्रकारानं गिऱ्हाइकाला थेट बिल द्यायचं की तुम्ही, हे सीएला विचारून पहिल्या प्रदर्शनाआधी ठरवा. मध्येच पद्धत बदलली की हिशेब लागत नाही.

खारावारा

एक राहिलं. डीह्युमिडिफायरची टाकी भरली की यंत्र आपोआप थांबतं, आणि ते सहसा रात्री थांबतं. मागे ड्रेनचं तोंड असतं, त्याला नळी लावून उतार देऊन बाहेर सोडा. नळीच्या बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी, नाहीतर मुंग्या आणि गोमा आत येतात. वीज गेल्यावर परत आली की यंत्र स्वतः सुरू होतं का, हे दुकानातच प्लग काढून-लावून बघा. काही मॉडेलांत बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही, ती घेऊ नका.

वेळेवरची_भरती

छत, दाराची पट्टी आणि प्लाय हे सप्टेंबरच्या आत करतो, यंत्र त्यानंतर. मिठाची चाचणी आज रात्रीच लावतो. कॅल्शियम सिलिकेट बोर्ड कणकवलीत मिळतो की कोल्हापूरहून आणावा लागेल?

फ्रेमवाला_कुडाळ

कुडाळ-कणकवलीत फॉल्स सीलिंगचं काम करणारे आहेत, बोर्ड तेच आणून देतात. सांगताना 6 मिमी मागा, आणि चॅनेल गॅल्व्हनाइज्डच हवेत हे बिलावर लिहून घ्या.