वाड्याचा ग्रुप, इंदूर : उद्या कोजागरी, अनारशांचं काय?

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

मोठी काकू (७:२२) : कचऱ्याची गाडी येऊन गेली, तांदळाचं तिसरं पाणी बदलून झालं, माझा चहा पण झाला. ग्रुपवर अजून एकानंही विचारलं नाही की काकू, तांदूळ कसे आहेत. दसऱ्याला सोनं देऊन गेलात ते गेलातच. उद्या कोण कोण येतंय तेवढं सांगा, दूध त्या हिशोबानं घेते.

नाना काका : सुप्रभात. लोखंडी खलबत्ता कुणाकडे आहे?

दादा (विजयनगर) : आम्ही चौघं येतोय काकू 🙏 नऊपर्यंत.

मोठी काकू : नऊला दूध प्यायला येतात. पीठ कुटायला पाचला यावं लागतं.

धाकटी वहिनी : काकू, राग मानू नका. तुमचे गुडघे बघून मी अनारशाचं तयार पीठ मागवलंय, २ किलो. काल आलं सुद्धा. उद्या नुसतं दूध आटवू, छतावर गप्पा मारू.

मोठी काकू : मग माझे ३ किलो तांदूळ कबुतरांना घालू?

छोटे काका : ३ किलो! भिया, उज्जैनपर्यंतची कबुतरं जेवतील 😂

बडोद्याच्या आत्या : हसण्यावारी नेऊ नका. आपल्या घरी दिवाळी वसुबारसेला लागत नाही, कोजागरीला लागते. चंद्र टाकीच्या वर आला की आई गुळाचा पहिला खडा खलात टाकायची. तोवर दुधाला कोणी हात लावायचा नाही, वडील सुद्धा.

नाना काका : म्हणूनच विचारतोय. खलबत्ता कुणाकडे आहे?

धाकटी वहिनी : मागच्या वर्षीचे अनारसे किती हसले, तुपात कसे विरघळले ते आठवतंय ना सगळ्यांना? अर्धा घाणा झाऱ्यानं गाळून काढला. म्हणून बोलले.

मोठी काकू : हसले कारण गूळ वाटीनं मोजला होता. कोणी मोजला ते मी सांगत नाही.

धाकटी वहिनी : सांगा की. मीच मोजला. ऑफिसमधून थेट आले होते, चप्पल काढायच्या आत हातात वाटी दिली होती.

मोठी काकू : वाटी मी नाही दिली.

छोटे काका : (हा मेसेज डिलीट केला आहे)

मोठी काकू : वाचला मी.

पुण्याची ताई : गूळ जास्त झाला की तुपात सुटतोच अनारसा. पिठी आणि गूळ काट्यावर तोलून घ्या, गूळ थोडा कमीच. वाटीभर कोरडी पिठी बाजूला ठेवा. आधी एकच तळून बघा, हसला तर ती पिठी मळून घ्यायची. मी इथे असंच करते.

छोटे काका : पुण्याहून ज्ञान आलं. वजन किती, पोस्टाचा खर्च किती?

पुण्याची ताई : काका 🙄

दादा (विजयनगर) : मध्येच विचारतो. लक्ष्मीपूजन २० की २१? सुट्टी टाकायची आहे.

बडोद्याच्या आत्या : दात्यांच्या पंचांगात २१.

धाकटी वहिनी : आमच्या कॉलनीतले पंडितजी २० म्हणतात. शेजारचे सगळे २० लाच करणार.

छोटे काका : दोन्ही दिवस करा. लक्ष्मी दोनदा आली तर परत पाठवणार का?

नाना काका : पूजनाचं नंतर बघू. खलबत्ता कुणाकडे आहे?

छोटे काका : दूध झालं की सराफ्यात जाऊ, रात्रीच्या खाऊबाजारात. गराडू खाऊ, तो तळलेला कंद.

दादा (विजयनगर) : गराडूला थंडी तर पडू दे काका.

मोठी काकू : तुमचं खाणं चालू द्या. वसुबारस १७ ला आहे. उद्या पीठ झालं तर मुरायला दहा दिवस मिळतात. म्हणून दसऱ्याला रात्री भिजवते मी, हौस म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तो आंबूस वास सुटला की तुम्हीच नाकं धरून ओरडायचात, "दिवाळी आली, दिवाळी आली." सासूबाई त्याच पाण्याचे दोन थेंब तुमच्या अंगावर शिंपडायच्या. आज सकाळी वास आला आणि घरात नाक धरायला कोणी नाही. तयार पिठाचा डबा उघडला की असं काही होतं का, ते वहिनींनी सांगावं.

(दीड तास ग्रुप शांत)

नाना काका : खलबत्ता?

धाकटी वहिनी (११:०५) : काकू, सोमवार आहे, पाचला नाही जमणार. साडेसहाला येते. सकाळी तुम्ही तांदूळ उपसून सावलीत पसरा, पूर्ण वाळू देऊ नका. मिक्सर मी आणते. आणि वजनकाटा पण.

मोठी काकू : पिठी मिक्सरमध्ये काढ, चालेल. गूळ मात्र खलातच.

धाकटी वहिनी : बरं. आणि त्या २ किलोचं काय करू?

मोठी काकू : ठेव डब्यात, टिकतं ते. भाऊबीजेला तळू. तुझ्या माहेरच्यांसाठी.

छोटे काका : 🤐

बडोद्याच्या आत्या : मला व्हिडिओ कॉल लावा, खडा टाकताना. मागच्या वर्षी दूध संपल्यावर लावला होता.

दादा (विजयनगर) : नाना काका, खल आमच्याकडे आहे बहुतेक. गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली एक जड लोखंडी काहीतरी आहे. थांबा, बघतो... हो, तोच! घासून आणतो उद्या.

मोठी काकू : तुळशीखाली???

नाना काका : छान. खल मिळाला. आता बत्ता कुणाकडे आहे?