कळलावी: यातली कळ नेमकी कुठली?

काल पन्हाळ्यावरनं येताना खाली करवंदीच्या जाळीवर कळलावी दिसली, लाल-पिवळी, पाकळ्या मागं वळलेल्या, एकदम पेटल्यासारखी. दोन फुलं घरी नेली तर आई दारातच म्हणाली, ठेव बाहेर, घरात भांडणं लागतात त्यानं, कळ लावती म्हणूनच कळलावी. आता हा अर्थ बरोबर हाय का? कारण कळ म्हणजे दुखणं पण असतंय की.

—

आईंचा मान राखून सांगतो, ही कळ बाळंतपणाची. पूर्वी सुईणी बाई अडली की या वेलीचा कंद उगाळून बेंबीवर, तळपायाला लेप द्यायच्या, कळा सुरू व्हाव्यात म्हणून. संस्कृतात गर्भपातिनी असं नावच हाय हिला, आणि कंद नांगरासारखा वाकडा म्हणून लांगली. पण कुणी करून बघू नका, वेलभर कोल्चिसिन नावाचं विष असतंय, कंदात तर लईच, माणसं दगावल्यात त्यानं. काहीजण हिला बचनाग म्हणतात त्यानं पण घोटाळा होतो, खरा बचनाग हिमालयातला, त्याचं कूळच वेगळं. हिचं शास्त्रीय नाव ग्लोरिओसा, लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ साली दिलंय, सगळ्या मिळून डझनभर जाती, बहुतेक आफ्रिकेतल्या, आपल्याकडं सापडती ती सुपर्बा. पानाचं टोकच तणाव्यासारखं वळतं आणि त्यानं धरून वर चढती, बघितलंय का कधी जवळनं?

—

भांडणाचा अर्थ एवढ्यात उडवू नका. संस्कृत कोशात हिचं कलिकारी असंही नाव हाय, कलि म्हणजे भांडण, आणि कलिकार म्हणजे नारद! हिंदीत कलिहारी म्हणतात. म्हणजे ही समजूत नुसती आपल्या मराठी कळीवरनं आलेली नाही, लई जुनी हाय. मला वाटतं दोन्ही अर्थ शेजारी शेजारी चालत आलेत. आणि कोकणात माझ्या मामीकडं याच फुलांना गौरीचे हात म्हणतात, गौरी बसवताना मुद्दाम शोधून आणतात, तिथं भांडणाचं कोण नावपण काढत नाही. तमिळनाडूचं तर हे राज्यफूल हाय आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल.

—

गौरीचे हात! पाकळ्या बोटांसारख्या वर उचललेल्या असतात ते आठवलं बघा लगेच. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, तुझ्या आज्जीला पण सुईणीनं असलाच काहीतरी लेप लावलेला, पण घरात नकोच. फुलं अजून कट्ट्यावरच हायत, लहान पोरं आहेत घरात म्हणून मीपण आत नेली नाहीत.