सारा बर्क: नुसती पदकं नव्हेत

"मरणाशी खेळलं की असंच होणार" असं कॅनडाची स्कीपटू सारा बर्क हिच्या मृत्यूबद्दल काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पार्क सिटीच्या हाफपाइपमध्ये (बर्फातल्या अर्ध्या नळीसारख्या उतारावर) ती मारत होती ती उडी तिच्या नेहमीच्या सरावातली होती. पडल्यावर मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी फाटली, हृदय बंद पडलं. वय अवघं २९.

तिच्याबद्दल बोलणारे बाकी सगळे एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेतल्या तिच्या पदकांतच अडकलेत. अहो, स्की हाफपाइप ऑलिंपिकमध्ये यावं म्हणून हात धुऊन मागे लागणाऱ्यांत ती सगळ्यात पुढे होती! २०११ ला मंजुरी मिळाली, २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅडी बोमनने या प्रकारातलं महिलांचं पहिलं सुवर्ण घेतलं. आणि तिथेच साराच्या नावाचे स्टिकर हेल्मेटवर लावायला ऑलिंपिक समितीने मनाई केली. कोतेपणा, दुसरं काय.