घरातल्या जुन्या माणसाचं घड्याळ कोण कोण घालतं? (अनुभव धागा)

मनगटराव
काल लोकलमध्ये शेजारच्या काकांनी न विचारता माझा हात ओढला, घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, "जनता ना? चालतंय की अजून!" मग दादरपर्यंत त्यांच्या लग्नातल्या कांचन घड्याळाची (तेही एचएमटीचंच) कथा ऐकली. सासऱ्यांनी म्हणे ब्लॅकने मिळवलं होतं.

माझं म्हणजे बाबांचं. एचएमटी जनता, १७ ज्युएल्स (आतल्या यंत्रातले खडे), तबकडीवर देवनागरीत नाव. सकाळी रेडिओवर सात-पाचच्या बातम्या लागल्या की बाबा काटे जुळवायचे आणि चावी द्यायचे. चावी द्यायला आम्हा पोरांना बंदी होती, "जास्त पिळाल" म्हणून. ते गेल्यावर घड्याळ बरीच वर्षं कपाटात पडून होतं, आतलं तेल पार वाळलेलं. सर्व्हिसिंग केलं आणि लगेच सुरू झालं. आता रोज घालतो. दिवसाला दोनेक मिनिटं मागे पडतं, ऑफिसातली पोरं हसतात. हसू देत.

तुमच्याकडे कुणाचं आहे, कसं आलं, घालता की डबीत ठेवलंय? लिहा.

कडकलक्ष्मी
पयली! कुकर लावलाय, येते परत.

पेन्शनर१९४९
कांचनचं खरं आहे हो. जावयाला कांचन हवं म्हणून मुलीकडचे दुकानदारापुढे हात जोडायचे. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनबरोबर सुरुवात केली, पहिली घड्याळं नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. मग सेलवरचं क्वार्ट्झ आलं, टायटन आलं, आणि २०१६ ला कारखान्याला टाळं लागलं. आता तीच घड्याळं गुलाबी-पोपटी तबकड्या छापून 'व्हिंटेज' म्हणून ऑनलाईन विकतात. आत तीन घड्याळांचे सुटे भाग. घरचं असेल तर तेच दुरुस्त करा, नवीन 'जुनं' घेऊ नका.

पेठकर
आम्ही तीन भाऊ आणि आजोबांचं वेस्ट एंड एकच. वाटणीत भांडी गेली, जमीन गेली, कुणी ब्र काढला नाही. घड्याळावर मात्र अबोला. शेवटी आईने ठरवून दिलं, घरच्या गणपतीसारखं हेही आळीपाळीने. ज्याच्याकडे गणपती त्याच्याकडे वर्षभर घड्याळ. विसर्जनानंतर पुढच्याच्या हातात पट्टा बांधायचा. यंदा धाकट्याकडे आहे आणि तो मेला ते घालून क्रिकेट खेळतो.

मनगटराव
पेठकर 😂 आईंना साष्टांग नमस्कार.

रेडिओमिस्त्री
वेस्ट एंड, फेव्हर ल्यूबा वगैरे जुन्या स्विस घड्याळांबद्दल एक सूचना. अंधारात चमकणारे काटे-आकडे असतील आणि आता चमकत नसतील, तर त्यातलं किरणोत्सारी रेडियम संपलं असं समजू नका. त्याचं अर्धायुष्यच (निम्मं उरायला लागणारा काळ) १६०० वर्षांचं. चमकणारा लेप जळून जातो, रेडियम तिथेच राहतं. घालायला फार अडचण नाही, पण घरी काच उघडून ब्रशने साफ करायला जाऊ नका, रेडियमची भुकटी नाकातोंडात गेलेली वाईट. जनताला काळजी नाही, तिच्या साध्या तबकडीवर तसला लेपच नसतो.

दुसरं, चावीचं घड्याळ एकदम पुढे पळायला लागलं तर आधी मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरवर संशय घ्या. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकीय होते, वेढे एकमेकांना चिकटतात. घड्याळजी यंत्रावर धरून मिनिटाभरात चुंबक उतरवतात. त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नका.

पेठकर
अरे बापरे. धाकट्याला फोन लावतो.

कडकलक्ष्मी
आले. आमच्या आईचं एचएमटी सुजाता, एवढीशी तबकडी. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. घड्याळ नेहमी मनगटाच्या आतल्या बाजूला. मला वाटायचं फॅशन. नंतर कळलं, डाव्या हातात पेशंटचा हात धरून नाडी मोजताना तबकडी आपसूक समोर येते, शिवाय एसटीच्या दांड्याला काच घासत नाही. मीही तसंच घालते आता. वेळ दिसत नाही, चष्मा लावावा लागतो, चष्मा सापडेपर्यंत मोबाईल हाताशी येतो. पण काढत नाही.

आमच्या घड्याळजींनी "ताई, आत सेल टाकून देतो, चावीची कटकट नको" असं सुचवलं होतं. म्हटलं हात लावून तर बघा.

तळकोकणी
चावी काय घेऊन बसलात. आमच्या गावात निम्म्या घरांत सेको फाईव्ह. काका मस्कतहून आले की एक बॅग घड्याळांची आणि एक निडो दूधपावडर-टँगची. ऑटोमॅटिक, हात हलला की चालतं. वार इंग्रजीत नाहीतर अरबीत. काकांनी अरबीतच ठेवलेला, त्यामुळे शुक्रवार कसा दिसतो एवढं एकच अरबी आम्हाला यायचं. काका रिटायर होऊन आरामखुर्चीत बसले तसं घड्याळ बंद पडायला लागलं. काकी म्हणायची, "ह्यांका चालूक लावा, घड्याळ आपसूक चालतला."
आता माझ्या हातात आहे. माझं डेस्कवरचं काम, म्हणजे तीच गत.

गिरणगावची_पोर
आमच्याकडे घड्याळ नाही, पट्टा आहे. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, गणपतीपर्यंत आजोबांनी घड्याळ गहाण टाकलं होतं. मारवाडी पट्ट्याचे पैसे देईना, तर आजोबांनी दुकानातच तो काढून खिशात घातला. स्टीलचा, स्प्रिंगचा. घड्याळ कधी सुटलं नाही. मी तो पट्टा साध्या क्वार्ट्झला लावलाय. बसला बरोबर, मागे दोन कड्या काढाव्या लागल्या.

पेन्शनर१९४९
पोरी, कोणती गिरणी? माझे मेहुणे लोअर परळला होते.

गिरणगावची_पोर
काळाचौकीकडची, काका. व्यनि (खासगी निरोप) करते.

हातावर_केस
तो स्प्रिंगचा पट्टा केस ओढतो का अजून? आमच्या मामांच्या मनगटावर तेवढी जागा गुळगुळीत होती.

गिरणगावची_पोर
ओढतो 😄

नवखा_वाचक
मस्त धागा. माझ्या आजोबांना कारखान्यात २५ वर्षं झाल्यावर मिळालेलं घड्याळ आहे, मागे नाव कोरलंय. पावसाळ्यात काचेत वाफ धरते. तांदळात ठेवू का?

रेडिओमिस्त्री
अजिबात नको. तांदळाची धूळ आत जाते. चावी देऊ नका, दुरुस्तीला नेईपर्यंत कोरड्या डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. वाफ परत परत धरते म्हणजे ओल आत शिरतेय, गंज लागायच्या आत उघडून घ्या. आणि हात धुताना काढत चला, ही घड्याळं पाण्यासाठी नाहीतच.

नवखा_वाचक
ठाण्यात कुणी चांगले घड्याळजी?

तळकोकणी
स्टेशनजवळ आहेत एक म्हातारे, पण दुपारी एक ते चार बंद.

पेठकर
ठाण्यातही? मग अस्सल माणूस आहे, डोळे मिटून द्या.

कडकलक्ष्मी
अवांतर: तळकोकणी, निडोच्या डब्यात अजून पोहे ठेवते मी. झाकण हरवलंय तेवढं. कुणाकडे जास्तीचं आहे का?