हिवाळी मेघबीजन : डोंगरावरचा बर्फ खरंच वाढतो का?

हिमगंध (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी बोईझीत (अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची राजधानी) मित्राकडे जेवायला जमलो होतो. मेघबीजनाचा विषय निघाला, म्हणजे ढगात बारीक कण सोडून त्यातून जास्त बर्फ पाडायचा. एकजण म्हणाला, "हे लोक ढगांवर औषध फवारतात, बर्फ पडायचा तेवढाच पडतो, आणि पैसे आपल्या वीजबिलातून जातात." तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आयडाहोत उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो. बटाटा, बीट, अल्फाल्फा, सगळं पिकतं ते डोंगरावर साचलेल्या बर्फाच्या पाण्यावर. एप्रिलपासून तो वितळतो आणि स्नेक नदीला मिळतो. त्या नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर आयडाहो पॉवर या कंपनीचे 17 जलविद्युत प्रकल्प आहेत. म्हणून ही कंपनी 2003 पासून पेएट नदीच्या खोऱ्यात हिवाळी मेघबीजन करते.

आता ढगात काय होतं ते. शून्याखाली गेलं की पाणी गोठतं असं आपण शाळेत शिकलो. पण ढगातले बारीक थेंब उणे 10, उणे 15 अंशांतही पाणीच राहतात, कारण गोठायला त्यांना एखादा कण धरून बसावं लागतं आणि तसे कण हवेत फार थोडे असतात. म्हणून बाहेरून कण सोडतात, सिल्व्हर आयोडाइडचे. हे चांदी आणि आयोडीनचं संयुग, त्याच्या स्फटिकाची रचना बर्फाच्या स्फटिकाशी जुळते. उणे 6 अंशांच्या आसपास आणि त्याखाली त्याच्यावर हिमकण धरतो. एकदा धरला की तो शेजारच्या थेंबांची वाफ ओढून वाढत जातो आणि जड झाला की खाली येतो. डोंगराच्या वाऱ्याकडच्या बाजूला प्रोपेनच्या ज्योतीत सिल्व्हर आयोडाइडचं द्रावण जाळतात आणि धूर वर चढणाऱ्या हवेबरोबर ढगात जातो. नाहीतर विमानाच्या पंखाला लावलेल्या नळकांड्यांतून सोडतात.

जानेवारी ते मार्च 2017 मध्ये याच खोऱ्यात स्नोई नावाचा मोठा प्रयोग झाला. विमान वाऱ्याला आडवं, येरझाऱ्या घालत उडालं. थोड्या वेळाने डोंगरावर ठेवलेल्या रडारच्या पडद्यावर तशीच नागमोडी रेघ उमटली, बर्फाची. आजूबाजूच्या ढगात काही नाही, फक्त त्या रेघेत बर्फ. मी ते चित्र प्रथम पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ बघतच राहिलो. सत्तर वर्षं जे कुणाला डोळ्यांनी दाखवता आलं नव्हतं ते तिथे दिसत होतं. माझं मत सरळ आहे : हे काम करतं, आणि कोरड्या प्रदेशाने ते करावं.

शंकेखोर

हिमगंध, ढगात काय होतं ते तुम्ही छान समजावलंत, त्याबद्दल माझा वाद नाही. पण रडारवरची रेघ आणि शेतात पोचलेलं पाणी यांत फार अंतर आहे.

त्याच प्रयोगातले तीन दिवस घ्या, 19, 20 आणि 31 जानेवारी. या तीन दिवसांचा हिशेब 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही मिळून सुमारे 7 लाख घनमीटर पाणी. ऐकायला मोठं वाटतं. आपल्या मापात मोजू या. एक टीएमसी म्हणजे 2 कोटी 83 लाख घनमीटर. म्हणजे हे पाणी टीएमसीचा चाळिसावा भाग. कोयना 105 टीएमसीचं धरण आहे. 19 तारखेला सुमारे 2,300 चौरस किलोमीटरवर जो बर्फ पसरला, त्याचं पाणी केलं तर थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा.

आणि हे तीनच दिवस का? उड्डाणं तर वीसेक झाली. या तीन दिवशी नैसर्गिक बर्फ जवळजवळ पडत नव्हता, म्हणून बीजनाचा वेगळा ओळखता आला. जोराच्या वादळात, जिथे खरा साठा होतो, तिथे तुमचा बर्फ कुठला आणि निसर्गाचा कुठला हे सांगता येत नाही. खर्च मात्र सगळ्या हिवाळ्याचा होतो.

हिमगंध

टीएमसीचं माप पटलं, मी तसा विचार केला नव्हता. पण 19 तारखेला बीजन चाललं जेमतेम 20 मिनिटं. बर्फ 67 मिनिटं पडला. तुम्ही 20 मिनिटांच्या कामाची तुलना आख्ख्या कोयनेशी करताय. कंपनी नोव्हेंबर ते एप्रिल हे करते, विमानं आणि जमिनीवरची यंत्रं दोन्ही वापरून.

लातूरचा

मला बर्फातलं काही कळत नाही, पण एक गोष्ट सांगायची आहे. 2015 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात कृत्रिम पावसासाठी विमान आलं. आमच्या गल्लीत लोक गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघायचे. माझ्या आजोबांनी त्या आशेवर सोयाबीनची दुबार पेरणी केली. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी आलं ते मिरजेहून, रेल्वेने. आई रात्री दोनला उठून नळाखाली कळश्या लावायची. हिमगंधदादा, तुमच्याकडे चित्र वेगळं असेलही. पण ढगच नसेल तर विमान काय करणार, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

हिमगंध

लातूरकर, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसलो थोडा वेळ. आजोबांचं वाचून वाईट वाटलं.

फरक आहे, तो सांगतो, तुमचं म्हणणं खोडायला नाही. पावसाळी ढग उष्ण हवेचे, उसळून वर येतात आणि अर्ध्या-पाऊण तासात विरतात. त्यांना गाठायचं म्हणजे धावपळ. त्यांच्या बुडाशी बहुतेक वेळा मिठासारखे पाणी ओढणारे कण सोडतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूरच्या पर्जन्यछायेत 2018-19 मध्ये प्रयोग केला, त्यात योग्य ढगांतून सुमारे 18 टक्के जास्त पाऊस मिळाला असं त्यांनी 2023 मध्ये मांडलं. हिवाळी डोंगरी ढग तासन्‌तास एकाच उतारावर बसून असतो. वारा त्यात नवी वाफ घालत राहतो. म्हणून तिथे काम सोपं. "कृत्रिम पाऊस" हा शब्दच आपल्याकडे घात करतो. ढग कुणी तयार करत नाही.

शंकेखोर

लातूरकरांनी नेमकं दुखणं सांगितलं. ते हिवाळ्यालाही लागू आहे. बर्फ कमी पडतो ती वर्षं कुठली? वादळं कमी येतात ती. मग बीजनाला ढग कमी. गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच हत्यार बोथट.

वायोमिंग या आयडाहोशेजारच्या राज्याचं उदाहरण देतो, कारण ते सगळ्यात प्रामाणिकपणे केलेलं काम आहे. मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे, दोन शेजारच्या डोंगररांगा. वादळ आलं की चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, कुठल्या रांगेत धूर सोडायचा आणि कुठली तशीच ठेवायची. 2008 ते 2014, सहा हिवाळे. मूळ ठरवलेल्या पद्धतीने उत्तर आलं 3 टक्के वाढ, आणि ती निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता 28 टक्के. म्हणजे सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. नंतर इतर पुरावे एकत्र करून अनुकूल वादळांत 5 ते 15 टक्के वाढ असा अंदाज दिला. पण हिवाळ्यातल्या बर्फापैकी साधारण 30 टक्केच तशा अनुकूल स्थितीत पडतो. गुणाकार करा : दीड ते साडेचार टक्के. तेही जिथे धूर पोचला तिथेच. इस्रायलनेही 2013 ते 2020 पुन्हा असाच चिठ्ठ्यांचा प्रयोग केला, वाढ दोन टक्क्यांच्या आत आली, तीही खात्रीची नाही, आणि त्यांनी बीजन थांबवलं.

उतारावरचा

मध्येच विचारतो. चांदीचं विष पाण्यात जात नाही का? आणि इथे पाडलेला बर्फ पलीकडच्या राज्याच्या तोंडचा घास नाही का? टेनेसीने 2024 मध्ये आणि फ्लोरिडाने 2025 मध्ये असल्या गोष्टींवर बंदी घातली, ती उगाच का?

शंकेखोर

या दोन्ही मुद्द्यांवर मी हिमगंध यांच्या बाजूने आहे. वापर एका वादळात ग्रॅम-किलोत असतो, तो शेकडो चौरस किलोमीटरवर पसरतो, आणि सिल्व्हर आयोडाइड पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. बीजन झालेल्या खोऱ्यांत मोजलेली चांदी मातीत मुळात असते त्या पातळीच्या आसपासच आहे. पळवापळवीचं म्हणाल तर घाट ओलांडून ढग उतरू लागला की त्यातले थेंब तसेही वाफ होऊन जातात. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाईत पोचत नाही, तसं. भीती पसरवणारे कायदे मला मान्य नाहीत. माझा आक्षेप फुगवलेल्या आकड्यांना आहे.

हिमगंध

मग आपण फार लांब नाही आहोत. तुमचे साडेचार टक्के घ्या, अगदी दोन घ्या. पेएटसारख्या खोऱ्यात बर्फाचा दोन टक्के भाग म्हणजे किती पाणी, आणि ते धरणातून वीज करत जाताना, शेवटी शेतात पोचताना त्याची किंमत काय? नवीन धरण बांधायचं म्हटलं तर खर्च आणि बुडणारी जमीन याचा हिशेब तुम्हाला मी सांगायला नको.

पण एक मान्य करतो. कंपनी स्वतः बीजन करते आणि वाढ किती झाली हेही बहुतेक स्वतःच सांगते. ते मलाही खटकतं. वायोमिंगसारखी चिठ्ठी इथेही टाकावी, काही वादळं मुद्दाम सोडून द्यावीत, आणि सगळे आकडे लोकांसमोर ठेवावेत.

शंकेखोर

एवढं झालं तर माझा विरोध संपला. पण सोडलेली वादळं म्हणजे सोडलेलं पाणी, असं म्हणून कुणी ते करत नाही.

लातूरचा

दादा, एक विचारू? बर्फात पाणी किती असतं ते तुम्ही मोजता कसं?

हिमगंध

डोंगरात त्यासाठी मोठ्या उशीसारखं यंत्र जमिनीवर ठेवलेलं असतं, त्यावर साचलेल्या बर्फाचं वजन कळतं. घरी मी पातेल्याने मोजतो. परवा अंगणातला ताजा बर्फ पातेल्यात शिगोशीग भरला, न दाबता, आणि चुलीजवळ ठेवला. लेक शेजारी बसून बघत होती. अर्ध्या तासाने तळाशी बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतही पाणी नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, बाकीचं कुठे गेलं?" नुसती हवा होती ती. तुम्हाला खोऱ्याचे आकडे हवे असतील तर या हिवाळ्याचे रोजचे उतरवून ठेवतोय, एप्रिलमध्ये याच धाग्यावर टाकतो.