मदत हवी आहे: १० बाय ११ च्या खोलीत जिम बसेल का?

नमस्कार मंडळी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, मुलीची खोली आता रिकामी असते. तिथे स्क्वॉट रॅक (वजनाचा रॉड टेकवायची उभी चौकट), बेंच आणि १०० किलो प्लेट्स ठेवायचा विचार आहे. घोडं अडलंय रॉडवर. ७ फुटी ऑलिम्पिक रॉड (नुसता रॉडच २० किलो!) १० फुटी भिंतीला समांतर ठेवला, तर दोन्हीकडे जेमतेम दीड फूट उरतो. तेवढ्यात प्लेटा चढवता येतात का? की ५ फुटी घ्यावा? पण तो रॅकच्या हुकांवर बसेल?

घराच्या स्लॅबला चौरस मीटरमागे साधारण २०० किलो भार धरतात, म्हणून रॅक बीमजवळच्या भिंतीलाच लावेन. डेडलिफ्टसाठी (जमिनीवरून वजन उचलून परत खाली ठेवायचा व्यायाम) रबर मॅट किती जाडीची घेऊ? खालच्या काकू दुपारी झोपतात, तेव्हा हा प्रश्न जरा नाजूक आहे. ट्रेडमिल सुचवू नका, त्यावर शेवटी टॉवेलच वाळतात.